तमाशा, लोकनाट्य, कलाकेंद्र : पाटस परिसरातील एका मूल्यनिर्णयाचा इतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता यवत, चौफुला, वरवंड ही गावे मागे टाकून पाटस येथे पोचतो व तेथे त्यास एक फाटा फुटतो. मुख्य रस्ता कुरकुंभ, भिगवणवरून सोलापूरची दिशा धरतो. फाट्याची वाट रोटीचा घाट चढून उंडवडीवरून बारामतीस जाते. तुकोबांची पालखी आषाढात पंढरीस जाताना पाटसवरून हाच घाट चढते. ती ज्या बारामतीत उतरते ते मोरोपंतांचे गाव. आर्येस त्यांनी जे वैभव मिळवून दिले ते तेथे बसून. आणि पाटसच्या अलीकडे, वरवंडच्या पश्चिमेस, चौफुल्यावर ‘कलाकेंद्र’ अशा पाट्या लावलेली लावणीची थिएटरे आहेत. अभंग, आर्या व लावणी ही मराठी पद्यरचनेची तीन प्रमुख अंगे अशा रीतीने एका पाटसच्या पंचक्रोशीत नसली तरी पाटसच्या वाटेवर एकत्र आली आहेत. पैकी पहिल्या दोहोंना कला म्हणावे की नाही, हा वाद आज कोणी घालीत नाही. तिसरीच्या दारावर मात्र ‘कला’ हा शब्द रंगाने लिहून ठेवावा लागला. तो का लिहावा लागला, हे पाहावयाचे तर शब्दांच्या इतिहासात थोडे मागे गेले पाहिजे.

अभंगाची आजची प्रतिष्ठाही आपोआप आलेली नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिचा तपशील बाजूस ठेवला तरी देशभाषेत शूद्राने केलेल्या रचनेस मान्यता देण्याचा अधिकार कोणाचा, हा तिचा गाभा ऐतिहासिक आहे. त्याच गाथेची चिकित्सक आवृत्ती मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली, आणि वारकऱ्यांच्या कंठातील वाणी ‘वाङ्मय’ झाली. मोरोपंतांचा प्रवास उलट दिशेचा. त्यांस विद्वानांची मान्यता जिवंतपणीच लाभली. पुढे इंग्रजी काव्यविचाराने शिकविलेल्या पिढीस त्यांची यमके कृत्रिम भासू लागली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांस ‘निबंधमाले’तून त्यांची बाजू मांडावी लागली. दोन्ही ठिकाणी वाद झाला तो रचनेविषयी. लावणीच्या बाबतीत तो कधीच केवळ रचनेविषयी नव्हता.

हे प्रथम स्पष्ट दिसते ते रामजोशी व मोरोपंत यांच्या संबंधात. सोलापूरचा हा व्युत्पन्न ब्राह्मण शाहीर तमाशाच्या फडात उभा राहिला, घरातून दूर झाला, व त्याच्या लावण्या गाजल्या. मोरोपंतांच्या सांगण्यावरून तो पुढे कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या कीर्तनांतून गावोगाव नेल्या, असे परंपरा सांगते. संगमनेरच्या अनंत फंदीविषयीही (१७४४–१८१९) अशीच आख्यायिका असून तेथे उपदेश करणाऱ्या अहिल्याबाई होळकर आहेत. दोन्ही कथांत न्याय देणाऱ्याने कवीची शक्ती नाकारलेली नाही. उलट शक्ती मोठी म्हणूनच उपदेश. हरकत आहे ती ढोलकीला, तिच्या साथीने उभ्या राहणाऱ्या मंडळींना आणि समोर बसलेल्या श्रोत्यांना. तीच प्रतिभा वीणा-टाळाच्या शेजारी उभी राहिली की निर्दोष ठरते. कथा शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, त्या रचून पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या समाजाचा मूल्यनिर्णय त्यांत बिनचूक उतरला आहे.

या व्यवहारातील शब्दांकडे वळल्यास हाच निर्णय व्युत्पत्तीच्या पातळीवरही चालू असलेला आढळतो. ‘तमाशा’ शब्दाचे मूळ अरबी. ‘चालणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘सोबतीने फिरणे’ अशा अर्थाचे रूप झाले, ते फारसीत जाऊन ‘फिरून मौज पाहणे’, ‘पाहण्याजोगे दृश्य’ असे बनले व त्याच अर्थाने मराठीत आले. शब्दात निंदेचा अंश मुळात नाही. पुढे तो विशिष्ट खेळाचे नाव झाला, आणि त्या खेळाकडे पाहण्याची नजर जशी बदलली तसा ‘चारचौघांत तमाशा होणे’ हा वाक्प्रचार बेअब्रूचा वाचक बनला. इतर भाषांतही या शब्दास थोडी हिणकस छटा आली आहे. परंतु मराठीत एकच शब्द एका जिवंत व्यवसायाचे नाव व अप्रतिष्ठेची शिवी अशा दोन्ही कामांस लागला, ही गोष्ट व्यवसाय करणाऱ्यांस जड गेली.

‘लावणी’ची गोष्ट याहून बोलकी आहे. ज्यांस ती सुकुमार वाटली त्यांनी तिचा संबंध ‘लावण्या’शी जोडला, ज्यांस ती रानातली वाटली त्यांनी भाताच्या लावणीशी. संस्कृतातून अन्य व्युत्पत्तीही सुचविल्या गेल्या. वास्तविक पेरणी, कापणी, मांडणी यांप्रमाणे क्रियापदास ‘-णी’ प्रत्यय लागून झालेले हे नियमित रूप मानण्यास काहीच अडचण नाही. ‘लावणे’ म्हणजे रचणे, एकापुढे एक ठेवणे, सुरात लावणे. ‘लावण्य’ या नपुंसकलिंगी भाववाचकापासून स्त्रीलिंगी गीतनाम साधण्यास मात्र बराच आयास पडतो. तरी लावण्याची व्युत्पत्ती आजही भाषणांतून व निवेदनांतून ऐकू येते. ती व्याकरणासाठी नसून अब्रूसाठी आहे.

तिसरा शब्द ‘कलावंत’. पुल्लिंगी कलावंत म्हणजे गुणी, कलेचा जाणकार, सन्माननीय मनुष्य. स्त्रीलिंगी कलावंतीण म्हणजे नाचणारी, पैसे घेऊन गाणारी बाई. एका प्रत्ययाने गुणाचे पेशात व पेशाचे कलंकात रूपांतर व्हावे, असे मराठीत दुसरे उदाहरण चटकन सापडणार नाही. गोव्यात तर ‘कलावंत’ हे देवळांच्या सेवेतील गायक-नर्तकींच्या समूहाचे जातिवाचक नाव होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्या समाजाने संघटित होऊन ते नाव टाकले व ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेतले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा थोर गायिका गोमंतकाने संगीतास दिल्या त्याच काळात ‘कला’ हा शब्द नावातून गेला पाहिजे, असे त्या समाजास वाटावे, यावरून शब्दाचे ओझे कळते.

छापखान्याने या गुंत्यात एक नवा भेद निर्माण केला. अ‍ॅक्‌वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९४ मध्ये अ‍ॅक्‌वर्थने निवडक पोवाडे इंग्रजीत नेले. पोवाड्यास इतिहासाचे साधन म्हणून आत घेणे सोपे होते. त्याच शाहिरांच्या लावण्या छापताना संपादकांस संकोच पडे व निवड, गाळणी व समर्थन करावे लागे. यशवंत नरसिंह केळकर यांनी १९२८ पासून ऐतिहासिक पोवाडे खंडशः प्रसिद्ध केले व पुढे तंतकवींवर ग्रंथ लिहिला, म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने १९५६ मध्ये लावणीस चिकित्सक साहित्यविचाराच्या कक्षेत आणले. या परिश्रमांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांचा एक परिणाम नजरेआड होऊ नये. पुस्तकात आलेली लावणी म्हणजे तिचे शब्द. ते रामजोश्याचे, होनाजीचे, परशरामाचे, सगनभाऊचे. ज्यांच्या गळ्यावर व पावलांवर ती दीडशे वर्षे टिकली त्या बायांची नावे छापील पानावर येण्याचे कारणच उरले नाही. होनाजीच्या भूपाळीचे पाहा. ती घरोघर देवापुढे म्हटली जाते व १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाने तिच्या कर्त्याची कीर्ती १९५२ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवापर्यंत नेली. शाहीर उजळला. फड आहे तेथेच राहिला.

किंबहुना त्याच सुमारास फडावर सर्वांत मोठे संकट आले होते. १९४७-४८ च्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडमालक व कलाकार यांनी गाऱ्हाणी मांडली, आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. वगाची संहिता आधी तपासून घ्यावी, अश्लील भाग गाळावा, अशा अटींवर खेळ पुन्हा उभे राहिले. बंदीने शेकडो कुटुंबांची चूल विझविली होती, तेव्हा समितीने ती पेटविली हे खरेच. परंतु ‘संहिता’ हा शब्द येथे थांबून पाहण्यासारखा आहे. तमाशात गण, गवळण, बतावणी व वग यांचा सांगाडा ठरलेला असे. बाकीचे रंगावर, प्रसंगावर व समोरच्या गावावर अवलंबून. सोंगाड्या कोणाची टोपी उडविणार हे त्यास स्वतःसही मंचावर पाय ठेवीपर्यंत ठाऊक नसे. अशा खेळाची संहिता मागणे म्हणजे त्यास नाटकाच्या मापाने मोजणे होय. अश्लीलता बहुधा शब्दात सापडेल असे तपासणाऱ्यांस वाटले. फडातील कोणीही सांगितले असते की ती असली तर शब्दाखेरीज अन्यत्र असते, आणि कलाही तेथेच असते.

‘लोकनाट्य’ ही संज्ञा रूढ झाली ती याच वर्षांत. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने तमाशाच्या सांगाड्यात कामगारांचे प्रश्न भरले. त्याआधी सत्यशोधकांच्या व आंबेडकरी चळवळीतील जलशांनी तोच सांगाडा वापरला होता; गणपतीच्या गणास व कृष्णाच्या गवळणीस फाटा देऊन. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ (१९५१) व वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) यांमुळे शहरी मध्यमवर्ग तिकीट काढून तमाशाचा आस्वाद घेऊ लागला. नामदेव व्हटकर यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच लोकनाट्य, तमाशा, कला व साहित्य हे चारही शब्द आणले, यात त्या काळाची निकड दिसते. अण्णाभाऊंचा हेतू व शहरी नाट्यगृहांचा हेतू एक नव्हता. अण्णाभाऊ ज्या समाजातून आले त्यानेच फड पोसले होते आणि त्यांच्या दृष्टीने नवे नाव हा आपल्याच वस्तूवरचा हक्क होता. नाट्यगृहांस मात्र नव्या नावामुळे जुन्या माणसांची गरज उरली नाही.

येथे मद्रासकडील घडामोडींची तुलना उपयोगी पडते. तेथे देवदासींचे ‘सदिर’ नृत्य १९३० नंतरच्या दशकात ‘भरतनाट्यम्’ या नावाने पुढे आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यासारख्या उच्चवर्णीय स्त्रिया ते शिकून मंचावर आल्या. आणि १९४७ च्या कायद्याने देवदासींची प्रथा बंद झाली. कलेस मान मिळाला व जिने ती सांभाळली ती बाहेर गेली. महाराष्ट्रात असे पूर्ण स्थलांतर घडले नाही. बैठकीची लावणी बांधीव शिक्षणाने घरंदाज मुलींच्या हाती गेली नाही. ती कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा समाजांतील स्त्रियांकडेच राहिली. हे चांगले झाले की वाईट, याचा निकाल एका वाक्यात लागण्यासारखा नाही. कला हिरावली गेली नाही, पण कलेबरोबर येणारा मानही आला नाही. शर्मिला रेगे यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासाने या प्रश्नाची जातीची व स्त्रीत्वाची बाजू प्रथमच नीट पुढे ठेवली.

समिती, संपादक व नाट्यगृहे यांच्या निर्णयांची नोंद कागदावर असल्यामुळे तोच लावणीचा मूल्यविचार, असा समज होणे साहजिक आहे. फडातील व संगीत बारीतील लोक परस्परांस कसे जोखतात, याची परिभाषा मात्र अत्यंत नेमकी आहे. ‘बारी’ म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या पाळीपाळीने उभ्या राहतात, म्हणून तुलना हा या कलाप्रकाराचा पायाच आहे. लावणी ‘खडी’ की ‘बैठकीची’, ‘चौकाची’ की ‘छक्कड’, हे भेद केवळ लांबीचे किंवा पवित्र्याचे नाहीत. प्रत्येकीत गुण वेगळा अपेक्षितात. ‘बालेघाटी’त विरहाचा आर्त सूर हवा, छक्कडीत उडता ठसका. ‘पंढरपुरी बाज’ म्हटले की शब्द सांडू न देणारी गायकी अभिप्रेत असते, आणि क्षेत्राच्या गावाने शृंगाराच्या एका शैलीस आपले नाव द्यावे यात फडाच्या लेखी काहीच विसंगत नाही. सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘अदा’. बैठकीच्या लावणीत गायिका बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते व प्रत्येक वेळी तिचा अर्थ डोळ्यांनी, बोटांनी, पदराच्या टोकाने निराळा करून दाखविते. ओळ तीच राहते. अर्थांचा साठा संपतो कोणाचा, यावर श्रेष्ठत्व ठरते. संस्कृत साहित्यशास्त्राने ज्यास व्यंजना म्हटले ती येथे शरीराने सिद्ध होते. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांस १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती या सामर्थ्यासाठी; संहिता तपासून ते कोणास दिसले नसते.

श्रोत्यांचा निवाडा याहून रांगडा. ‘दौलतजादा’ म्हणजे शब्दशः ‘दौलत अधिक होवो’. पैसे देणाऱ्यास दिलेला हा आशीर्वाद पुढे त्या पैशाचेच नाव झाला. दौलतजादा करणारा गाणे तोडून आपले नाव पुकारावयास लावतो, हवे ते गाणे मागतो, आणि त्याचे मोल कलेस मिळाले की बाईस, हे तो स्वतःही सांगू शकत नाही. ढोलकीच्या फडाचा न्याय पुन्हा वेगळा : गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या जत्रांची पंचमंडळी तेथे येऊन सुपारी ठरवितात. नाव कोणाचे, सोंगाड्या कसा, वग नवा की जुना, गेल्या साली शेजारच्या गावात पब्लिक शेवटपर्यंत बसले होते काय, अशी ही चौकशी असते. ती बाजाराची आहे म्हणून तुच्छ मानण्याचे कारण नाही. पाचशे मैलांवरच्या समितीपेक्षा जत्रेच्या पंचांस पाहिलेल्या खेळांची संख्या निश्चितच अधिक.

चौफुल्याच्या पाटीवरील शब्दाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा. रस्त्याची वर्दळ, भीमेच्या व कालव्यांच्या पाण्यावरील ऊस, पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना, यांमुळे या पट्ट्यात रोख पैसा खेळू लागला; बारीच्या थिएटरास हायवेची जागा मानवली. त्यांस ‘थिएटर’ म्हणत, आजही बोलण्यात म्हणतात. ‘कलाकेंद्र’ हा समास मात्र बोलीतला नाही. आरोग्य केंद्र, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र, अशा पाट्या ज्या रस्त्यावर आहेत त्याच रस्त्यावरचा, त्याच घडणीचा तो शब्द आहे : सरकारदरबारी चालणारा, परवान्याच्या अर्जात शोभणारा. पूर्वपदाने प्रतिष्ठा मागितली आहे व उत्तरपदाने मान्यता.

ही मागणी निरर्थक नाही, कारण कायद्यात शब्दास व जागेस वजन असते. २००५ मध्ये राज्याने मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून बारमधील नृत्यांवर बंदी घातली, तेव्हा नाट्यगृहे, सभागृहे, सभासदांपुरते क्लब व तीन किंवा अधिक तारांची हॉटेले यांस वगळले होते. नृत्य तेच असले तरी छप्पर कोणते यावर ते गुन्हा किंवा कार्यक्रम ठरावे, ही रचना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये समानतेच्या कसोटीवर अमान्य केली. रामजोश्यास ढोलकीपासून कीर्तनाच्या चौकात बोलाविणाऱ्या परंपरेचा तर्क दोनशे वर्षांनंतर अधिनियमाच्या कलमात उतरलेला पाहून आश्चर्य वाटते.

पाटीने सर्व काही साधते असे मात्र नाही. कलाकेंद्रात येणाऱ्या प्रेक्षकांत स्त्रिया फारशा नसतात. अकलूज येथे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झालेल्या लावणी स्पर्धांत बारीतल्याच पार्ट्या उभ्या राहिल्या आणि समोर कुटुंबेच्या कुटुंबे बसली. परीक्षक होते, गुण होते, शिट्टीस मज्जाव होता. तीच बाई तेथे ‘कलावंत’ म्हणून पुकारली जाई. पुल्लिंगी रूपात, कारण स्त्रीलिंगी रूप मंचावरून उच्चारण्याजोगे राहिलेले नाही. परत थिएटरात आल्यावर ती पुन्हा ‘बाई’ व तिच्यामागे गावाचे नाव.

नावाचा हा प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ मध्ये त्या वारल्या तेव्हा औषधोपचाराचाही पैसा गाठीस नव्हता. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे आत्मकथन लिहिले तेव्हा ते वैद्यकाची पदवी मिळविलेले डॉक्टर होते. तमाशात नाचणाऱ्या आईचे नाव त्यांनी आपल्या नावात मधोमध, वडिलांच्या जागी, लिहिले. शाळेच्या दाखल्यात त्या जागेवर काय घालावे, हा प्रश्न बारीतील मुलांपुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला होता.